‘ह’ संपले

नाना : हे काय करून ठेवलंस, नूर महंमद? ‘गल्लीत दिवा ना’, आणि पुढे काळा डबा. ‘गटारीला झाकण ना’, आणि पुढे काळा डबा. वॉर्डातल्या लोकांनी डबे वाचायचे का?

नूर महंमद : नाना, गुस्सा नका करू. हे प्रूफ आहे, छापलेलं पत्रक नव्हे. आणि तो डबा नाही, शिशाच्या अक्षराचा उलटा खिळा आहे. अक्षर कमी पडलं की आम्ही दुसरा कुठलाही खिळा उलटा बसवतो, जागा धरायला. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात ना, तसं.

नाना : कोणतं अक्षर कमी पडलं?

नूर महंमद : ह.

नाना : ह?

नूर महंमद : हरभऱ्याचा ह. जाड टाइपात माझ्याकडे ह नऊ. तुमच्या पत्रकात ‘नाही’ एकवीस. प्रत्येक ‘नाही’ जाडच पाहिजे, असं तुम्ही स्वतः टेबलावर मूठ आपटून सांगितलं. नऊ बसले. दहाव्याला खण रिकामा.

नाना : छापखाना चालवतोस की पानाची टपरी? नऊ ह घेऊन बसलायस!

नूर महंमद : हा टाइप अब्बांनी लग्नपत्रिकांसाठी घेतलेला, नाना. ‘हार्दिक निमंत्रण’चा एक ह, ‘शुभविवाह’चा एक, ‘आहेर आणू नये’चा एक. तीन ह आणि वर सहा शिल्लक. चाळीस वर्षं कधी कमी पडले नाहीत. तुमच्यासारखं गिऱ्हाईक अब्बांच्या स्वप्नात पण आलं नसेल.

नाना : उद्या रविवारचा बाजार आहे. सोमवारी प्रचार बंद. बाजारात हे पत्रक वाटलं गेलं नाही, तर मी ते काय सायकलच्या ट्यूबला ठिगळ म्हणून लावू? एरंडोलच्या छापखान्यातून मागव.

नूर महंमद : सकाळीच फोन केला. त्यांचे ह अडकलेत.

नाना : कशात?

नूर महंमद : लोटनशेठच्या पत्रकात. ‘रस्ता आहे, दिवे आहेत, बाग आहे.’ सगळं जाड. तालुक्यातले सगळे ह ‘आहे’त गेले, ‘नाही’साठी उरले नाहीत.

नाना : बघ. ह्यालाच म्हणतात सत्तेचा माज. बागेच्या नावाने एक तारेचं कुंपण, त्यात गाढवं चरतात, आणि कागदावर ‘बाग आहे’. हे वाक्य घाल रे पत्रकात.

नूर महंमद : ‘ह्यालाच’मध्ये पण ह आहे, नाना.

वच्छलाबाई : नूरभाऊ, तुमना दारमाथीन तीन घाव हाक मारी मी. आठे कोनले ऐकूच येत नही का? सकायपाशी हाऊ मना मानूस चायवर शे. कळणानी भाकर आनेल शे, गरम शे तव्हय खाई ल्या.

नूर महंमद : या अक्का, या. मशीन चालू होती, आवाजात कळलं नाही. इथं स्टुलावर बसा, तिकडे शाई आहे. नाना, अक्का स्वतः डबा घेऊन आल्या बघा, आता तरी प्रूफ खाली ठेवा.

नाना : भूक नाही मला.

वच्छलाबाई : हाई त्यासनं रोजनंच शे. दखू, काय कागद शे तो? आना इकडे.

नाना : तू काय वाचणार?

वच्छलाबाई : काब्र? दोन महिना व्हयनात, साक्षरताना वर्गमा जाई ऱ्हायनी मी. तुम्ही सभाले जातस, मी वर्गले जास. न-ळा-ला. नळाला. पा-णी. ना-ही. आठे हत्ती शे. ह हत्तीना. आठे बी हत्ती. आठे बी. अन् मंग नूरभाऊ, आठेना हत्ती कोठे गया?

नूर महंमद : हत्ती संपले, अक्का. नऊच होते.

वच्छलाबाई : मंग बरं शे. नऊ हत्ती काय कमी व्हतस?

नाना : थट्टा करू नका. बारा ‘नाही’ उघडे पडलेत माझे. नूर महंमद, असं कर. कोणते नऊ जाड ठेवायचे ते मी निवडतो, बाकीचे बारीक टाइपात घे. बारीकमध्ये ह आहेत ना?

नूर महंमद : बारीकमध्ये पोतंभर आहेत. निवडा.

नाना : नळाला पाणी नाही, हा जाड. दवाखान्यात डॉक्टर नाही, जाड. मुलींच्या शाळेला संडास नाही, हा तर दुप्पट जाड पाहिजे. स्मशानाला रस्ता नाही…

वच्छलाबाई : एक विचारू का?

नाना : विचार.

वच्छलाबाई : नळले पानी नही, हाई तुम्ही माले कागदवर कसाले सांगतस? दर चौथा दिन पानी येस तव्हय हांडा कोन भरस? मीच भरस ना? मना डोकावर रिकामा हांडा शे, त्यामा हाऊ कागद टाकू का?

नाना : वच्छला, ही राजकारणाची गोष्ट आहे. सत्तेवाले ‘आहे’ म्हणतात. जे नाही त्याला ‘नाही’ म्हणणं हे विरोधी पक्षाचं काम. लोकशाहीत ते कोणीतरी करायलाच पाहिजे.

वच्छलाबाई : करा ना. कोन ना म्हनस? पन मंग पुढे?

नाना : पुढे काय? निवडून द्या, पाणी आणतो. खाली लिहिलंय की सगळं.

वच्छलाबाई : लोटनशेठ बी तेच म्हनस. पानी आनस, रस्ता करस.

नूर महंमद : अक्कांचं बरोबर आहे. म्हणजे… आता तोंडातून निघालंच आहे, तर सांगतो. पंच्याऐंशीला दोन्ही पत्रकं मीच छापली होती ना?

नाना : मग?

नूर महंमद : खालचा अर्धा भाग, आश्वासनांचा, तोच ठेवला होता मी. ‘पाणी आणू, दिवे लावू, गटारी बांधू.’ फक्त वरचं नाव आणि निशाणी बदलली. कोणाच्या लक्षात आलं नाही.

नाना : माझ्या नावाखाली लोटनशेठची आश्वासनं?

नूर महंमद : तसं नाही, नाना. त्यांच्या नावाखाली तुमची. तुमचं पत्रक आधी आलं होतं.

नाना : आणि इतकी वर्षं मी तुझ्याकडे चहा पितोय.

नूर महंमद : चहा चांगला असतो ना पण?

नाना : ठीक आहे. सांगा तुम्ही दोघं. मी सायकलवाला माणूस, पेपर वाचून जे कळतं तेवढं कळतं. सदुसष्टला पडलो, चौऱ्याहत्तरला पडलो, मधे ती पोटनिवडणूक, मग पंच्याऐंशी. चार वेळा. लोकांना आमच्याकडून हवंय तरी काय? मोर्चा काढला तर म्हणतात बाजार बंद पडतो. काढला नाही तर म्हणतात नाना विकले गेले. तू मतदार आहेस ना? बोल.

नूर महंमद : बोललो तर रागवाल.

नाना : आता आणखी काय रागवायचं राहिलंय?

नूर महंमद : पंच्याऐंशीला मी तुम्हाला मत दिलं नाही.

नाना : तू?

नूर महंमद : ऐकून घ्या आधी. घरवालीला, हसीनाबीला, धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं होतं, आठवतं? ऑपरेशन होतं. मी आधी लोटनशेठकडे गेलो. त्यांनी चिठ्ठी दिली. चिठ्ठी सुरेख होती, लेटरहेड मीच छापलेलं. मग तुमच्याकडे आलो. तुम्ही पंक्चर अर्धं टाकून माझ्याबरोबर एसटीत बसलात. तीन दिवस व्हरांड्यात पडून होतात. रक्त कमी पडलं तेव्हा धुळ्यातल्या तुमच्या पक्षाच्या दोन पोरांना उठवून आणलंत. मी तेव्हाच समजलो, की चिठ्ठी काही व्हरांड्यात झोपत नाही.

नाना : आणि म्हणून मत लोटनशेठला?

नूर महंमद : म्हणूनच. शिक्का हातात घेतला, तुमच्या निशाणीवर नेला, आणि मनात आलं, नाना निवडून आले तर त्यांना पण लेटरहेड मिळेल. उद्या मी आलो, तर नाना पण चिठ्ठीच देतील. हात आपोआप सरकला. नंतर आठ दिवस तुमच्या दुकानासमोरून गेलो नाही. मागच्या गल्लीतून जायचो.

नाना : तेव्हा मला वाटलं, तुझी सायकल मोडली.

वच्छलाबाई : नूरभाऊनी सांगं ते बरं करं. मीबी सांगी टाकस मंग.

नाना : तू काय सांगतेस?

वच्छलाबाई : मी बी तुमले मत दिधं नही.

नाना : पंच्याऐंशीला?

वच्छलाबाई : कधीच नही.

(नाना टाइपाच्या केसला टेकून उभे होते, ते खाली बसतात. नूर महंमद मशीन बंद करतो.)

नाना : पोटनिवडणुकीत मी तीन मतांनी पडलो होतो, वच्छला.

वच्छलाबाई : माले माहीत शे. मनं मत इकडनं तिकडे गयतं, तरी एक मतनी पडतातच. मी तव्हयच हिशोब करी ठेयेल शे.

नाना : आणि ते एक मत कोणाचं?

नूर महंमद : माझ्याकडे बघू नका. पोटनिवडणुकीला मी भुसावळला होतो.

नाना : पण का? एवढं तरी सांग. मी दारू पीत नाही, कोणाचा पैसा खाल्ला नाही. तुझ्याशी कधी वाकडं बोललो?

वच्छलाबाई : नही. वाकडं कधी नही. सदुसष्टनी गोष्ट शे. लगीन व्हयीसन तीन वरीस व्हयेल व्हतात. बठ्ठा घर माले सांगे, पानी आन, शेन टाक, भाकर टाक. अन् एक दिन पोऱ्यानी निवडणूक म्हनीसन लोटनशेठनी माय घर उनी. दारमा उभी ऱ्हायनी, हात जोडात, अन् म्हने, ‘वच्छला, तुनं मत माले दे वं माय.’ तुनं मत. मनं काही शे, अन् ते कोनी मनाकडे मांगस, हाई माले पहिली घाव समजनं. मी दी टाकं.

नाना : मी तेव्हा गावभर हात जोडत फिरत होतो.

वच्छलाबाई : हां. बठ्ठा वार्डले जोडात. भिकुबाईले जोडात, मंदाबाईले जोडात, चांदना आंधया बापले बी जोडात. माले कधी विचारं?

नाना : घरातलं मत काय मागायचं? ते धरलेलंच असतं.

नूर महंमद : नाना, चार वेळा पडलेल्या माणसाने हे वाक्य बोलू नये.

नाना : म्हणजे घरात नाही, गल्लीत नाही, छापखान्यात नाही. मग मी शेवटची ओळ लिहिली ती बरोबरच लिहिली. कुठं आहे ती? नूर महंमद, प्रूफात शेवटची ओळच नाही.

नूर महंमद : ती जुळवलीच नाही. पूर्ण ओळ जाड होती, आणि नुसत्या तिच्यात तीन ह होते.

वच्छलाबाई : कोनती ओळ?

नाना : काही नाही. पत्रकाची गोष्ट आहे.

वच्छलाबाई : नूरभाऊ, वाचा तुम्ही.

नूर महंमद : वाचतो. ‘या वेळी निवडून दिले नाही, तर पुन्हा उभा राहणार नाही, आणि दुकानावरची पक्षाची पाटी उतरवीन.’

वच्छलाबाई : पाटी?

नाना : हो.

वच्छलाबाई : म्हनीसन काल धनसिंगकडथीन शिडी आनी का? मी विचारं, तर म्हने कौलं फिरावानी शेतस.

नाना : कौलं पण फिरवायची आहेतच.

वच्छलाबाई : माले ना विचारता पाटी उतरावतस? दर दिवायले ती पाटी कोन पुसस? तुमना हात पुरत नही अन् स्टुलवर चढाले डोकं फिरस. मी पुसस. ती मनी पाटी शे.

नाना : चौसष्ट वर्षांचा झालो मी. तालुक्याचे लोक जीप घेऊन येतात, भाषण देतात, जातात. मागे राहतो मी आणि तो पत्रा. पोरंसोरं म्हणतात, पडके नाना. कोणासाठी ठेवू पाटी? तुम्ही दोघांनी तर आत्ताच सांगितलं.

वच्छलाबाई : आम्ही मतनं सांगं. पाटीनं कोठे सांगं? रेशनमा साखर कमी दिधी, तर नळवरन्या बाया काय म्हनतीस, माहीत शे? नानाकडे जा म्हनत नहीत. सायकल दुकानवर जा म्हनत नहीत. ‘पाटीखाले जा’ म्हनतीस. वच्छलाना नवरा कोन, ते निम्मा बायासले माहीत बी नही. पाटी बठ्ठासले माहीत शे. ती उतरी गई, तर त्या कोठे जातीन?

नूर महंमद : माझी शहनाज आठ वर्षांची होती तेव्हा विचारायची, अब्बा, पाटीखाली हे सरकारी ऑफिस आहे का? मी म्हणायचो, हो बेटा, बिनसरकारी सरकारी.

नाना : म्हणजे लोकांना मी पाहिजे, पण निवडून आलेला नको.

नूर महंमद : तसं नाही. एक सांगू? चारही पत्रकं मी जुळवली, अक्षरन् अक्षर हातातून गेलंय. प्रत्येकात ‘मी निवडून आलो तर’. निवडून तुम्ही येत नाही. म्हणजे त्याच्याखाली लिहिलेलं सगळं वाया. कोणी विचारायला पण येत नाही, की नाना, ते अमुक करणार होतात त्याचं काय झालं?

नाना : मग काय लिहू?

नूर महंमद : ‘मी पडलो तर’ लिहा.

नाना : तुझं डोकं फिरलंय. कोणता पक्ष पडण्याचा जाहीरनामा काढतो?

नूर महंमद : कोणताच नाही. म्हणून तर लोक वाचतील. आणि नाना, निवडून आल्यावर तुम्ही काय कराल ते अल्लाला माहीत. पडल्यावर काय करता, ते आम्ही चार वेळा पाहिलंय. त्यात खोटं काही निघायचं नाही.

वच्छलाबाई : हाई बरोबर शे. माले आधी विचारतात तर मी बी हाईच सांगती.

नाना : जळगावचे आमचे जिल्हाध्यक्ष हे बघतील तर…

वच्छलाबाई : त्यासनं मत आपला वार्डमा शे का?

नाना : नाही.

वच्छलाबाई : मंग लिखा.

नाना : घे, लिही. बारीकमध्ये घे. ‘मतदार बंधुभगिनींनो, मी पडलो तर…’ थांब. तोंडातून निघत नाही रे. पडण्याची सवय आहे, म्हणण्याची नाही.

नूर महंमद : दुसऱ्यांदा सोपं जाईल.

नाना : ‘मी पडलो तर, दर मंगळवारी सकाळी आठ वाजता रेशन दुकानासमोर उभा राहीन. तराजू माझ्यासमोर लावला जाईल.’ घेतलंस?

नूर महंमद : घेतलं. हे तुम्ही आत्ता पण करता.

नाना : मग खोटं कसं असेल? ‘मी पडलो तर, कोणाचा अर्ज असेल तर तो पाटीखाली लिहून मिळेल. तालुक्याला यायचं असेल तर सोबत येईन. एसटीचं तिकीट ज्याचं त्याने काढावं.’

वच्छलाबाई : हाई तिकीटनं बरं लिखं. त्या वनाना अर्जना वखते दोन्ही तिकिटं तुम्हीच काढात.

नाना : ‘मी पडलो तर, नगरपालिकेच्या प्रत्येक सभेला गॅलरीत बसेन आणि काय ठरलं ते दुसऱ्या दिवशी दुकानाच्या फळ्यावर लिहीन.’ हे नवीन आहे. हे मी आजवर केलेलं नाही.

नूर महंमद : लिहू मग?

नाना : लिही. करीन. आणि ऐक, जे नऊ ‘नाही’ वर बसलेत ते तसेच राहू दे. मी ते सोडणार नाही. पडलो काय, निवडून आलो काय, पाणी नाही म्हणजे नाही.

वच्छलाबाई : त्या ऱ्हाऊ द्या. त्या बी जोयजेत. कोनी तरी म्हनाले जोयजे.

नाना : आता शेवटची ओळ. ती जाडच पाहिजे. ‘पडलो तरी मी आहे.’

नूर महंमद : ह.

नाना : काय?

नूर महंमद : ‘आहे’चा ह.

नाना : अरे देवा. मग ‘उभा राहीन’ घे. नाही, त्यात पण ह. एक काम कर, वरच्या नऊपैकी एक ‘नाही’ बारीक कर. त्याचा ह काढ.

नूर महंमद : कोणता काढू? नळाचा?

नाना : नळाचा नको. ही समोर बसलीय.

नूर महंमद : दवाखान्याचा?

नाना : दवाखान्याचा कसा काढशील? ताईबाईची सून टांग्यात बाळंत झाली, पंधरा दिवस पण झाले नाहीत.

नूर महंमद : स्मशानाचा? तिथले मतदार तक्रार करणार नाहीत.

नाना : चिंधाला शब्द दिलाय मी. त्याच्या बापाला चिखलातून नेलं तेव्हा दोनदा तिरडी टेकवावी लागली. नाही, ह्यातला एकही निघणार नाही. शाळेच्या संडासाचा तर नाहीच.

वच्छलाबाई : मंग ‘शे’ लिखा ना.

नाना : काय?

वच्छलाबाई : शे. ‘पडलो तरी मी शे.’ त्यामा हत्ती कोठे शे? शे म्हनजे शेळीना श, अन् वर एक मात्रा. आम्हनी बाईनी परवाच शिकाडं.

नूर महंमद : वाहवा, अक्का. जाड श आहे माझ्याकडे, ‘शुभविवाह’चा. मात्रा पण आहे.

नाना : छापील कागदावर ‘शे’? अगं, ती घरची बोली. उद्या तो कागद जळगावच्या पेपरवाल्याच्या हातात पडला, तर तो म्हणेल, हा माणूस किती शे? दोनशे की तीनशे?

वच्छलाबाई : आपला गावमा कोनी विचारी का, कितला शे म्हनीसन?

नाना : गावात नाही विचारणार.

वच्छलाबाई : पोटमा दुखस तव्हय तुम्ही काय म्हनतस? ‘माझ्या पोटात दुखत आहे’ म्हनतस? मनी माय गई, तव्हय तुम्ही मना जवय बठात. रातभर काय सांगी ऱ्हायंतात? ‘मी शे ना, मी शे ना.’ ते माले समजनं. ‘मी आहे’ म्हनतात तर माले वाटतं, सभामा बोली ऱ्हायनात.

नाना : नूर महंमद.

नूर महंमद : हां, नाना.

नाना : जुळव. ‘पडलो तरी मी शे.’ जाड. मी तोवर वनाकडे जाऊन येतो, बाजारात वाटायला तो येतो म्हणाला होता. सायकलला हवा पण कमी आहे. दुनियेच्या सायकलींत हवा भरतो, माझीच बसलेली असते.

वच्छलाबाई : भाकर?

नाना : येऊन खातो.

नूर महंमद : सावकाश जा, नाना. गेले. अक्का, तुम्ही तो डबा कशाला उघडताय? तो राहू द्या. त्यात जुनी अक्षरं आहेत.

वच्छलाबाई : चटनी ठेवाले जागा दखी ऱ्हायंती. नूरभाऊ, यामा तर कागदनी पुडी शे. अन् पुडीमा…

नूर महंमद : अक्का.

वच्छलाबाई : यामा तर हत्तीच हत्ती शेतस. जाड हत्ती. वीसेक तरी व्हतीन.

नूर महंमद : चोवीस आहेत. हळू बोला, नाना कोपऱ्यावरच असतील.

वच्छलाबाई : मंग सरनात म्हनीसन काब्र सांगं?

नूर महंमद : काल रात्री त्यांची हस्तलिखित प्रत घरी नेली होती. हसीनाबीला वाचून दाखवली. शेवटची ओळ ऐकली आणि ती जेवायची थांबली. म्हणाली, ती ओळ तुम्ही आपल्या हाताने जुळवणार? मी म्हणालो, धंदा आहे, गिऱ्हाईक सांगेल ते छापायचं. पण सकाळी केससमोर उभा राहिलो आणि हात पुढे जाईना. एकदा मतपेटीपाशी हात सरकला होता, तो नानांना सहा वर्षं महाग पडला. या वेळी म्हटलं, नाही. खणातले ह उचलले, पुडी बांधली. नऊ ठेवले, संशय नको म्हणून.

वच्छलाबाई : अन् एरंडोलना फोन?

नूर महंमद : फोन बंद आहे आठ दिवसांपासून.

वच्छलाबाई : नूरभाऊ, तुम्ही लई लबाड शेतस.

नूर महंमद : अल्ला माफ करील. नाना करतील की नाही, सांगता येत नाही.

वच्छलाबाई : त्यासले कोन सांगस? आना ती पुडी. मना भाकरना डबामा ठेवस मी. निवडणूक व्हई गई का मंग आनी दिसू. तवलगून हत्ती मना घर ऱ्हातीन.

नूर महंमद : घ्या. वर फडकं टाका. आणि आता जरा बाजूला सरका, बोलता बोलता ओळ जुळवून झालीय, मशीन सुरू करतो. नानांची घंटी ऐकू येतेय, म्हणजे वना घरी नसेल.

नाना : वना शेतात गेलाय, त्याची बायको म्हणाली सांगते. झालं का?

नूर महंमद : हा पहिला कागद. शाई ओली आहे, कडेने धरा.

नाना : मला नको. हिला दे आधी.

वच्छलाबाई : माले? थांबा. हात पुसू द्या. प-ड-लो. पडलो. त-री. मी. श वर मात्रा… शे.

नाना : वाचलंस की.

वच्छलाबाई : आपलं शे छापामा कधी दखं नव्हतं मी. बरं दिसस. घरना मानूस कोट घाली उभा ऱ्हायना, तसं दिसस.

नाना : वच्छला, एक काम होतं.

वच्छलाबाई : काय?

नाना : नूर महंमद, तू तिकडे बघ जरा.

नूर महंमद : मी शाई बघतोय, नाना.

नाना : वच्छला, तुनं मत… तुनं मत माले देशी का? हे दख, हात जोडस.

वच्छलाबाई : हातले शाई लागेल शे तुमना. कपायले नका लावू.

नाना : मग? देशी का?

नूर महंमद : अक्का, आता तरी हो म्हणा.

वच्छलाबाई : मत गुप्त ऱ्हास, नूरभाऊ. वर्गमा शिकाडेल शे. चला, भाकर खाई ल्या. अन् ऐका, ती शिडी धनसिंगले आज परत देऊ नका. पाटी पुसानी शे, दिवायले ऱ्हाई गयती.